ओल, पाझर आणि उमाळा : मुंबईच्या सखल वस्तीतील भूजल व निचऱ्याचा प्रश्न

मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील तळमजल्यावरच्या घरांना पाण्याचा जो उपद्रव होतो, त्याचे वर्णन रहिवासी बहुधा दोनच शब्दांनी करतात. जुना शब्द ‘ओल’ आणि नवा ‘लीकेज’. हे दोन्ही शब्द परिणाम सांगतात, कारण सांगत नाहीत. भिंतीत खालून चढलेले पाणी, फुटक्या नळातून आलेले पाणी, गटार तुंबल्यामुळे मागे फिरलेले पाणी आणि हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर निवळून झालेले पाणी, ही चारही एकाच नावाखाली जमा होतात. नाव एक पडले की उपायही एकच सुचतो. भिंतीला नवा गिलावा करावा, त्यावर जलरोधक रंग लावावा आणि पुढील पावसाळ्याची वाट पाहावी, असा तो उपाय असतो. पुढील पावसाळ्यात तो गिलावा फुगून सुटतो आणि झालेला खर्च व्यर्थ जातो.

वास्तविक मराठी भाषेत या विषयाची शब्दसंपत्ती दरिद्री नाही. पाण्याच्या निरनिराळ्या गतींना तिने निरनिराळी नावे दिलेली आहेत आणि ती नावे नीट वापरली तर रोगाचे निदान अर्धेअधिक होऊन जाते. प्रस्तुत लेखात या शब्दांच्या आधारे मुंबईच्या सखल भागातील भूजलाचे वर्तन, घरांवर होणारा त्याचा परिणाम आणि त्यावरील उपाय यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. शब्द आणि कारण

‘ओल’ हा शब्द संस्कृत ‘आर्द्र’ या शब्दापासून प्राकृत ‘ओल्ल’ या रूपाच्या द्वारे मराठीत आला. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात ‘आर्द्र’ची ‘उल्ल’ व ‘ओल्ल’ ही रूपे नोंदलेली आहेत. व्युत्पत्तीप्रमाणेच हा शब्द अवस्थावाचक आहे. वस्तू भिजलेली आहे एवढेच तो सांगतो, पाणी कोठून आले याविषयी तो मौन पाळतो.

‘पाझर’ हा शब्द याहून निश्चित अर्थाचा आहे. ‘क्षर्’ या धातूचे प्राकृत आदेश म्हणून हेमचंद्राने जी रूपे दिली आहेत त्यांत ‘झर’ आणि ‘पज्झर’ ही दोन आहेत. ‘झरा’ पहिल्याच्या कुळातला, ‘पाझर’ दुसऱ्याच्या. पाझरण्यात गती आहे आणि आरपार जाण्याचा भाव आहे. पाणी एका बाजूला साठलेले असते आणि मधल्या सच्छिद्र पदार्थातून दुसऱ्या बाजूला येते. ‘झिरपणे’ ही क्रियाही याच जातीची, परंतु तिची दिशा सामान्यतः वरून खाली असते. ‘गळणे’ याला विशिष्ट छिद्र किंवा सांधा लागतो. म्हणूनच छप्पर गळते, नळ गळतो, पण मातीचा बांध पाझरतो.

‘उमाळा’ हा शब्द आज मायेच्या किंवा दुःखाच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. त्याचा मूळ अर्थ जमिनीतून दाबाने वर उसळणारे पाणी असा आहे. तळघराच्या फरशीच्या सांध्यांतून पावसाळ्यात वर येणारे पाणी हा खरा उमाळा होय. पाणी धरून ठेवणाऱ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीला शेतकरी ‘चिबड’ म्हणतो. परळ-लालबागच्या सखल भागाला हे विशेषण तंतोतंत लागू पडते, फक्त तेथे पिकाऐवजी इमारती उभ्या आहेत. अखेरचा शब्द ‘लोणा’. तो ‘लवण’ या शब्दाच्या ‘लोण’ या प्राकृत रूपाशी निगडित असून जुन्या भिंतीवर फुटणाऱ्या पांढऱ्या क्षाराचा वाचक आहे. भिंतीला लोणा लागला असे म्हणणाऱ्या माणसाने, कळत वा नकळत, पाण्यातील क्षारांविषयी एक रासायनिक विधान केलेले असते.

‘लीकेज’ या शब्दाने मुंबईच्या बोलीत या साऱ्यांची जागा घेतली. परका शब्द आला याचे वैषम्य मानण्याचे कारण नाही. नुकसान झाले ते शब्दांमधील भेद पुसले गेल्यामुळे.

२. भूमीची घडण

मुंबई बेट हे मूळचे सात बेटांचे. त्याच्या पश्चिमेस मलबार टेकडीपासून वरळीपर्यंत खडकाची एक रांग आहे आणि पूर्वेस डोंगरी, माझगाव, परळ, शिवडी, शीव या बाजूने दुसरी. या दोहोंमधील भाग खोलगट असून महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी त्यात शिरत असे. १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत या खिंडारावर बांध घालण्यात आला. ‘हॉर्नबी वेलार्ड’ हे त्याचे नाव. यातील ‘वेलार्ड’ हे कुंपण वा बांध या अर्थाच्या ‘व्हालादु’ या पोर्तुगीज शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी झालेले रूपांतर आहे.

बांधाने समुद्र अडला, परंतु जमिनीची पातळी उंचावली नाही. पुढे टेकड्या फोडून आणलेली माती, दगड आणि शहराचा केरकचरा टाकून हा भाग थोडाथोडा भरण्यात आला. ‘उमरखाडी’, ‘पायधुणी’ ही नावे तेथील जुन्या पाण्याची साक्ष देतात. ‘धोबी तलाव’, ‘गोवालिया टँक’ आणि गिरगावातील ‘सी. पी. टँक’ या नावांचे तलावही बुजविले गेले आणि नावे मात्र रस्त्यांना व चौकांना चिकटून राहिली. १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदाईत चिखलाच्या थराखाली खैराच्या झाडांचे बुंधे उभ्या स्थितीत सापडले होते. या बेटावर जमीन व पाणी यांची पातळी एकमेकांच्या संदर्भात किती बदलली आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

भूजलाच्या दृष्टीने या भूमीचे तीन प्रकार पडतात. गिरगाव चौपाटीच्या मागचा भाग आणि दादर-माहीमचा पश्चिम किनारा येथे वाळूचे प्रमाण मोठे आहे. वाळूतून पाणी जलद वाहते, त्यामुळे तेथील भूजलाची पातळी पावसाबरोबर चढते आणि किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीबरोबरही हलते. दुसरा प्रकार परळ, लालबाग, भायखळा येथील सखल भागाचा. येथे वर भरणीची माती आणि तिच्याखाली समुद्री चिकणमाती आहे. चिकणमातीतून पाणी खाली जाऊ शकत नाही, म्हणून भरणीत शिरलेले पावसाचे पाणी अधांतरी साठून राहते. तिसरा प्रकार टेकड्यांच्या उतारांचा. तेथे मुरूम आणि त्याखालचा काळा खडक यांच्या संधीवरून आणि खडकाच्या भेगांतून पाणी वाहते व पायथ्याच्या घरांत प्रकट होते. एकाच परळमध्ये टेकडीकडील घर आणि हिंदमाता चौकाकडील घर यांचे दुखणे निरनिराळे असू शकते, ते यामुळेच.

गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे किनाऱ्याच्या जमिनीत ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल तर सिद्धान्ततः त्याखाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असते. चर्चगेटजवळ १७२५ साली खोदलेल्या भिखा बेहराम विहिरीचे पाणी समुद्राच्या इतक्या निकट असूनही गोड लागते, त्याचे स्पष्टीकरण या तत्त्वात मिळते. अशा असंख्य विहिरींवर एके काळी मुंबई अवलंबून होती. १८६० मध्ये विहारचे पाणी आले. १९११ च्या बेंटली यांच्या अहवालाने हिवतापाच्या डासांचा संबंध विहिरींशी जोडल्यावर अनेक विहिरी झाकल्या वा बुजविल्या गेल्या. विहिरीतून नित्य उपसा होतो तेव्हा सभोवतालच्या जमिनीतील पाण्याची पातळी आपोआप खाली राहते. उपसा थांबला आणि त्याच जमिनीत पुरलेल्या नळांची गळती सुरू झाली, की पातळी चढू लागते. विहीर हे पाणी मिळविण्याचे साधन होते, तसेच ते निचऱ्याचेही साधन होते.

३. बुडालेले जोते

मुंबईच्या चाळीला सहसा तळघर नसते. तथापि पुष्कळ चाळींचा तळमजला कालांतराने तळघर होऊन बसला आहे. इमारत बांधताना तिचे जोते रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच ठेवीत. रस्ता दुरुस्त करताना जुना थर न खरवडता त्यावर नवा थर घालण्याची पद्धत अनेक वर्षे चालली आणि पायऱ्या एकेक करून रस्त्याखाली गेल्या. जेथे चढून जावे लागे तेथे आता उतरून जावे लागते. पागोळ्यांचे पाणी, रस्त्याचे पाणी आणि मोरीचे पाणी तिन्ही खोलीच्या उंबऱ्याकडे धावतात.

याहून गंभीर परिणाम डोळ्यांना दिसत नाही. जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर असेल तर तो जमिनीच्या वर असावा लागतो. बाहेरची जमीन त्याच्याही वर चढली की पाणी त्या थराला वळसा घालून थेट वरच्या विटांत शिरते. विटा आणि चुना यांतील सूक्ष्म नलिकांमधून पाणी स्वतःहून वर चढते. नलिका जितकी बारीक तितकी चढण अधिक. ०.०३ मिलिमीटर व्यासाच्या नलिकेत ते सुमारे १ मीटर चढते. प्रत्यक्ष भिंतीत पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आणि खालून येणारे पाणी यांचा समतोल साधतो तेथे चढण थांबते आणि ही सीमा बहुधा १ ते १.५ मीटरच्या दरम्यान असते. त्या सीमेवरच लोण्याची आडवी रेघ उमटते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. स्फटिक बनताना क्षार प्रसरण पावतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सोडवतो.

येथे नेहमी होणारी चूक ध्यानात घेण्याजोगी आहे. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा दाट गिलावा केला की बाष्पीभवनाचा मार्ग बंद होतो. पाणी नाहीसे होत नाही. ते गिलाव्यामागून आणखी वर चढते. कमरेइतकी असलेली ओल छातीपर्यंत पोचते. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट इमारतींत धोका निराळा आहे. १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने नायगाव, वरळी, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. अशा बांधकामात क्लोराइडयुक्त पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. विटांच्या घरात ओल ही आरोग्याची बाब आहे. काँक्रीटच्या घरात ती इमारतीच्या आयुष्याचीही बाब होते.

४. तळघरावरील दाब

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनींचा विकास शक्य केला. त्या जमिनींवर आणि जुन्या चाळींच्या जागी जे मनोरे उभे राहिले, त्यांना वाहनतळासाठी एक, दोन, क्वचित तीन मजली तळघरे असतात. येथे प्रश्न ओलीचा राहत नाही, दाबाचा होतो.

पाण्याच्या १ मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १ टन दाब पडतो. तळघराची फरशी भूजलाच्या पातळीखाली २.५ मीटर असेल, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून अडीच टनांचा रेटा बसतो. १०० चौरस मीटरच्या तळघराला हा रेटा २५० टनांचा होतो. ३० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट फरशीचे वजन प्रत्येक चौरस मीटरला अवघे पाऊण टन असते. राहिलेला पावणेदोन टनांचा रेटा वरच्या इमारतीच्या भाराने किंवा खडकात नांगरलेल्या सळ्यांनी पेलला जावा लागतो. तसे नसेल तर फरशी वर उचलली जाते किंवा भेगाळते. अशा भेगेतून येणारे पाणी आतल्या बाजूने रंग लावून थांबेल ही अपेक्षा व्यर्थ होय. बाहेरून लावलेला थर पाण्याच्या दाबाने भिंतीवर दाबला जातो. आतून लावलेला थर त्याच दाबाने भिंतीपासून ढकलला जातो.

५. निदानाच्या परीक्षा

निदानासाठी महागड्या उपकरणांची गरज प्रत्येक वेळी नसते. पाण्याची वेळ पाहणे ही पहिली परीक्षा. मुंबईत महापालिकेचे पाणी दिवसाच्या ठरावीक तासांत येते. भिंतीचा ओलावा त्याच तासांनंतर वाढत असेल तर दोष नळात आहे. पावसानंतर काही तासांत वाढत असेल तर तो पृष्ठभागावरील पाण्याचा. पाऊस थांबल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर भूजलाचा. आणि पाणी रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा वाढताना दिसले, तर त्याचे नाते भरतीशी आहे हे निश्चित समजावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते, हा किनाऱ्यावरील जुना आडाखा येथे उपयोगी पडतो. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास येते. त्याच वेळी तळघराच्या हौदातील पाणी चढत असेल तर निराळा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

दुसरी परीक्षा बाष्पाची. फूटभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाणी खोलीकडील बाजूस जमले तर ते हवेतील बाष्प होय आणि त्यावर वायुवीजन हाच उपाय. भिंतीकडील बाजूस जमले तर पाणी भिंतीतून येत आहे.

तिसरी परीक्षा पाण्याची स्वतःची. क्लोरीन आढळले तर ते नळाचे पाणी. मात्र मातीतून जाताना क्लोरीन नष्ट होऊ शकतो, म्हणून तो न आढळल्याने नळ निर्दोष ठरत नाही. पाणी खारट असेल तर समुद्राचा संशय घ्यावा. अमोनिया किंवा दुर्गंधी असेल तर मलवाहिनी फुटलेली आहे आणि हा प्रश्न तातडीचा आहे.

६. उपायांचा क्रम

उपायांचा क्रम बाहेरून आत असा असावा. प्रथम छपराच्या पन्हळी, अंगणाचा उतार, मोऱ्यांचे सांधे व गटारे दुरुस्त करावीत. भिंतीलगतची चढलेली माती शक्य तेथे काढून जोते मोकळे करावे. चढत्या ओलीसाठी भिंतीत आडवी छिद्रे पाडून जलरोधक द्रव्य भरता येते. त्यानंतर गिलावा चुन्याचा करावा, म्हणजे उरलेली ओल बाहेर पडू शकेल. लोणा पाण्याने धुऊ नये, कोरड्या कुंचल्याने झाडावा. धुतलेला क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतो.

नव्या तळघराला पेटीसारखे वेष्टन देण्याची पद्धत मुंबईत रूढ आहे. खाली व चारही बाजूंस शहाबादी फरशी बसवून तिच्यामागील पोकळीत सिमेंटचा रबडा भरतात. बांधकामाचे सांधे ही या पद्धतीची दुबळी जागा. तेथे पाणी अडविणारी पट्टी काँक्रीट ओततानाच बसवावी लागते. जुन्या तळघरात पाणी अडविण्यापेक्षा त्याला वाट देणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. भिंतीच्या तळाशी खडीत गुंडाळलेली सच्छिद्र नळी, तिच्या शेवटी हौद आणि हौदात तरंगत्या गोळ्याने आपोआप सुरू होणारा पंप, अशी ही योजना असते. विजेची पर्यायी सोय आणि पाणी मागे न फिरू देणारी झडप यांवाचून ती अपुरी आहे, कारण वीज जाण्याची आणि गटार तुंबण्याची वेळ बहुधा एकच असते.

हौदाचे आकारमान सोप्या हिशेबाने काढता येते. ताशी ५० मिलिमीटर पाऊस १०० चौरस मीटर अंगणावर पडला, तर तासाला ५ घनमीटर पाणी जमा होते. भरतीमुळे गटार तीन तास पाणी घेत नसेल, तर १५ घनमीटर साठविण्याची तयारी हवी.

पंपाच्या वापरात एक सामाजिक प्रश्नही गुंतलेला आहे. वाळूतून अविचाराने उपसा केला तर पाण्याबरोबर बारीक वाळूही ओढली जाते. चिकणमातीतील पाणी काढले तर ती आकसते. दोन्ही प्रकारांत शेजारच्या जमिनीचा आधार खचतो. नव्या मनोऱ्याचे तळघर कोरडे ठेवण्यासाठी केलेल्या उपशाने उथळ पायाच्या जुन्या चाळीला तडे जाऊ शकतात. म्हणून उपसा सुरू करण्यापूर्वी सभोवतालच्या इमारतींची पाहणी करून तड्यांची नोंद ठेवणे आणि उपसलेल्या पाण्यात गाळ येतो की नाही हे पाहणे, या गोष्टी ऐच्छिक मानता येत नाहीत.

७. घराबाहेरचा निचरा

एका घराचा निचरा अखेर शहराच्या निचऱ्यावर अवलंबून असतो. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने आखलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्याची शिफारस केली. वाहिन्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला ती बंद केली नाहीत तर समुद्र आत येतो आणि बंद केली तर पाऊस आत राहतो. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया येथील उदंचन केंद्रे या पेचावर उभारलेली आहेत. हिंदमातेच्या बशीसारख्या खोलगट भागासाठी परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली साठवण टाक्या बांधण्यात आल्या. तळघराच्या हौदाचेच हे मोठे रूप आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांमधील हे अंतर पाहता एकाच सरासरीवर सर्व भागांची आखणी करता येणार नाही, हे उघड आहे.

निदान महत्त्वाचे का, याचे अलीकडील उदाहरण २६ मे २०२५ चे आहे. त्याच महिन्यात सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पावसाचे पाणी शिरले. लोकांच्या तोंडी तेव्हाही शब्द होता ‘लीकेज’. परंतु ते पाणी स्थानकाच्या भिंतींतून पाझरलेले नव्हते; बांधकाम चालू असलेल्या एका प्रवेशमार्गावरील पाणी अडविणारी भिंत कोसळल्याने ते वरून घुसले होते. पाझरावर इलाज भिंतीत शोधावा लागतो, घुसलेल्या पाण्यावर दारात.

जबाबदारीचा प्रश्नही याच भेदाशी बांधलेला आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि दुरुस्तीत मालकाचा रस उरला नाही. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन होऊन उपकरप्राप्त इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती त्याच्याकडे आली. पुढे ते म्हाडामध्ये विलीन झाले. रस्ता, गटार व मुख्य नळ महापालिकेचे, आतील मोऱ्या व नळ मालकाचे वा गृहनिर्माण संस्थेचे. तळमजल्यावरच्या भाडेकरूने नुसते ‘ओल आहे’ असे लिहिले, तर अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो. त्याच अर्जात ‘नळाचे पाणी सुटल्यावर अर्ध्या तासात पूर्वेकडील भिंतीच्या तळाशी पाझर सुरू होतो, पाणी गोडे आहे, पावसाशी त्याचा संबंध नाही’ असे लिहिलेले असेल, तर तो कोणाच्या टेबलावर जावा याविषयी वाद उरत नाही. पुनर्विकासाची वाट पाहत अनेक कुटुंबे आजही अशा खोल्यांत राहतात. त्यांच्या हाती असलेल्या साधनांपैकी अचूक शब्द हे बिनखर्चाचे साधन आहे.